कालिंदीने भरलेल्या जागा

लिही लीना, कालिंदीचं लिही. माझी धाकटी जाऊ. तू व्हायच्या आधीच गेली ती.

चौऱ्याहत्तर साल असेल. आम्ही सगळे कलकत्त्यात, बेहालाला एकाच घरात. तिचा नवरा, गुरुदत्त भावजी, बँकेत. कालिंदीचा हात असा, की बालीगंजला आपल्या मराठी मंडळींच्या गणपतीत तिने ही एवढी ठिपक्यांची रांगोळी काढली, पट्टी नाही, दोरा नाही. ती बघून एक बंगाली डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माझ्याकडे चित्रं काढायला येता का?" आम्ही त्यांना दीदी म्हणायचो.

तर ही इस्पितळात जायला लागली. पेशंटच्या किडनीचा कणभर तुकडा काढायचा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायचा, रंगवून काचेवर ठेवायचा. मायक्रोस्कोपला आरसा लावलेला. त्यातून तुकड्याची सावली कागदावर पडायची, तिच्यावरून पेन्सिल फिरवायची. घरी आली तरी अर्धी तिकडेच. पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "वहिनी, ढगात बसून गाव बघावं ना, तसं दिसतं. गुलाबी गुलाबी घरं, मधून जांभळी तळी, आणि कुठे म्हणून आवाज नाही."

मग भावजींचे पाय सुजले, लघवीला फेस यायला लागला. त्यांचाही तुकडा काढला. दीदी म्हणाल्या, हे चित्र दुसऱ्या कोणाकडून काढून घेऊ. ही म्हणाली, मीच काढणार.

शनिवारी मोठे डॉक्टर बसायचे. एकेकाने मायक्रोस्कोपला डोळा लावायला वेळ कुठला! भिंतीवर चित्र लावायचं, आणि ते बघून जहाल औषध द्यायचं की नुसतं पथ्यावर ठेवायचं, हे ठरायचं.

शुक्रवारी दीदींनी चित्र बघितलं, मग काच बघितली, मग परत चित्र. "कालिंदीदी, तुम्ही मराठी बायका किडनीतसुद्धा रांगोळी घालता का? इथे घर नाहीये. हे तुम्ही बांधलंत."

खरंच होतं ते. पेशी गेल्या होत्या तिथे रिकामं दिसत होतं, तर हिने नव्या काढून भरल्या होत्या. आणि आक्रसलेले काळपट ठिपके घाण समजून गाळले होते. आमच्या सासूबाईंनी शिकवलेलं ना, ठिपका सुटला तर घराला उणं. "माझ्या हाताला मोकळी जागा सोसत नाही हो," म्हणाली आणि रडायलाच लागली.

दीदी ओरडल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या. "तो ठिपका घाण नाही. ती पेशी आपणहून निघालीय. अंग आक्रसून घेते, तिचे तुकडे होतात, शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. पू नाही, बोभाटा नाही. सगळ्यांच्या अंगात रोज थोड्या अशा जातात, म्हणून नव्यांना जागा होते. विलायतेत नुकतंच कोणी याला नाव दिलंय." ते नाव कालिंदीला यायचं, मला नाही बाई. "पण एकदम फार निघाल्या तर गाव ओस पडतं. गुरुदत्तबाबूंचं तसं चाललंय. उद्या हे चित्र लावलं तर डॉक्टर म्हणतील, बरे आहेत, घरी न्या."

कालिंदीने नवा कागद घेतला. मला सांगायची, मोकळ्या जागेशी आलं की पेन्सिल आपोआप खाली उतरायची, मग ती डाव्या हाताने उजवं मनगट धरून ठेवायची. आणि काळे ठिपके काढताना तिला वाटायचं, गावातलं एकेक माणूस दिवा मालवून, दार अलगद लोटून, कोणाला न उठवता निघून चाललंय. कुणाला हाक मारावी, तर तोंडातून आवाज फुटत नाही.

शनिवारी ते चित्र लागलं, आणि ठरलं, जहालच औषध. त्याने भावजींचा चेहरा भोपळ्यासारखा गोल झाला.

"माझी किडनी बघितलीस म्हणे. कशी होती गं?"

"ठीक होती. जागा बरीच मोकळी होती."

"मग भाडेकरू ठेव की!"

हसता हसता कालिंदीने पदर डोळ्यांना लावला.

तीन महिन्यांनी फेस गेला, पाय चपलेत शिरायला लागले. पुढे अकरा वर्षं होते ते. मीठ मात्र बंद. इस्पितळातून घरी आले त्या दिवशी कालिंदीने आळणी आमटी वाढली. "कशी झालीय? खरं सांगा हं."

भावजींनी भुरका मारला, डोळे मिटले. "भयंकर," म्हणाले, आणि वाटी परत पुढे केली.