सुक्या हाडांचं वचन

सात फेब्रुवारी. सासूबाईंना कुशीवर वळवून मी त्यांची पाठ पुसत होते. माकडहाडाजवळ लाल चट्टा दिसला. बोटानं दाबला तरी लालच राहिला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची जखम अशीच सुरू होते, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. "यांना उभं करा, नाहीतर या कायमच्या पलंगावर राहतील," हेही.

त्यांचा खुबा मोडला होता; ऑपरेशन डिसेंबरात इथं धुळ्यातच झालं. हाड नीट बसलं होतं. अडलं होतं ते दुसरीकडेच. आमच्या चर्चमध्ये वर्षाच्या शेवटच्या उपासनेला प्रत्येकजण परडीतून एक कार्ड उचलतो. त्यावरचं बायबलातलं वचन आपलं, वर्षभरासाठी. सासूबाई दवाखान्यात होत्या, म्हणून त्यांच्या वतीनं माझ्या नवऱ्यानं उचललं. निघालं यहेज्केल संदेष्ट्याचं: सुकी हाडं पुन्हा जिवंत होतील.

खुबा मोडलेल्या बाईला हे वचन! सगळे गहिवरले. सासूबाईंनी कार्ड उशीखाली ठेवलं आणि सगळं देवावर सोडून व्यायाम बंद केला.

"देव करी बठ्ठं," त्या म्हणायच्या. "मी काय करू?"

त्या दिवशी यावलहून नणंद भेटायला आली होती. मी वॉकर पुढे ओढला तशी म्हणाली, "वहिनी, कशाला जबरदस्ती? तिला वचन मिळालंय. तुमचा विश्वासच कमी."

"विश्वास आहे हो. उचलायला माणसं कमी आहेत. राहता का आठ दिवस?"

नणंदेला एकदम परतीची एसटी आठवली.

ती गेल्यावर मी बायबल काढलं. कार्डावर एकच ओळ होती, मला अख्खा अध्याय बघायचा होता. खरं तर वाद जिंकायला. सासूबाईंच्या पलंगाशी बसून मोठ्यानं वाचू लागले. देव संदेष्ट्याला विचारतो, ही हाडं जगतील का? तो हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. तुलाच ठाऊक, म्हणतो. मला तो माणूस आवडला. मग देव सांगतो म्हणून तो हाडांशी बोलतो, तेव्हा हाडाला हाड लागतं, वर स्नायू, मांस, कातडी. एवढं होऊनही सगळे नुसते पडलेले. श्वास नाही. संदेष्ट्याला पुन्हा बोलावं लागतं, तेव्हा कुठे श्वास येतो.

"दोन डाव?" सासूबाईंनी विचारलं.

"हो, दोनदा. तेही एका दमात नाही झालं. तुमचं हाड बसलंय, आई. पुढचं व्हायचंय."

पुढे वाचलं. ती हाडं म्हणजे परमुलखात नेलेली जिवंत माणसंच होती. आम्ही सुकलो, आता काही आशा नाही, असं म्हणत बसलेली. त्यांच्यासाठीच ते भविष्य सांगितलं होतं.

सासूबाई भिंतीकडे बघत होत्या. "तसंच वाटस माले," त्या म्हणाल्या. "पाय टेकसू तं पडी जासू. मंग कोण करी मन्हं?"

इतके दिवस आम्ही जिला श्रद्धा समजत होतो ती भीती होती. माझा राग ओसरला.

"मीच करीन. सध्या कोण करतंय?"

"तूच," त्या म्हणाल्या. "अन् बोलस बी भलती."

त्या झोपल्यावर अध्यायाचा तेवढा भाग मी मनात पुन्हा वाचला. पायांवर उभ्या राहिलेल्या त्या माणसांचं मोठं सैन्य होतं. मला सैन्य नको होतं, एक बाई पुरली असती. पण हे सांगितलं गेलं होतं ते हात टेकलेल्यांना, धडधाकटांना नव्हे. त्यात मीही बसत होते. बरं वाटलं.

सकाळी चहाआधीच मी पलंग भिंतीपासून ओढला, म्हणजे दोन्ही बाजूंनी धरता येईल. एका बाजूला नवऱ्याला उभं केलं. सासूबाईंच्या कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी बांधून घट्ट धरली आणि म्हटलं, "आई, उठा."

माझ्या खांद्यात नखं रुतवून त्या उठल्या. पाय लटलटत होते, पण टेकले होते.

"आते बसाड," त्या म्हणाल्या.

मी बसवलं, दुपारी पुन्हा उठायचंय असं सांगितलं आणि पोळ्या लाटायला गेले.