हौदात बसलेला पाहुणा

बोअर पाडायचं यंत्र तासगावच्या पुढे, आमच्या गावाच्या शिवेवर बंद पडलं तेव्हा दुष्काळातला मे महिना होता. यंत्र जपानी, म्हणून दुरुस्तीला माणूसही जपानी येणार होता. गावात इंग्रजी समजणारी मी एकटी, शाळेतली शिक्षिका. मालक फौजेत, घरात मी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. पाहुणा आमच्याकडे उतरणार हे ठरताच मी वहीत यादी केली. धुतलेली चादर, कमी तिखट, उकळलेलं पाणी, बादली, नवा साबण, टॉवेल. एकेक खूण करत संपवली.

टँकर आठ दिवसांनी यायचा. त्या दिवशी सकाळीच परसातला हौद भरला होता. आमचं आणि शेजारच्या दोन घरांचं आठ दिवसांचं पिण्याचं पाणी त्यात होतं.

पाहुणा दुपारी आला. पन्नाशीचा, बुटका. दारात बूट काढले आणि वळून टोकं बाहेरच्या बाजूला करून ठेवले.

"शिस्तीचा हाय गं," आत्याबाई म्हणाल्या.

मी त्याला परसात नेलं, धोंड्यावरची बादली, तांब्या, साबण दाखवला आणि आत आले. हौद कशासाठी आहे ते सांगितलं नाही. ते सांगायचं असतं हे सुचलंच नाही.

बराच वेळ झाला म्हणून आत्याबाई मागच्या दाराशी गेल्या आणि तशाच परतल्या.

"मास्तरीण, त्यो हौदात बसलाय."

"काय?"

"गळ्यापतोर. डोस्क्यावर टावेल, डोळं मिटल्यात."

तो लाल चेहऱ्यानं बाहेर आला, आत्याबाईंपुढे कमरेत वाकला आणि दोन्ही हातांनी हौद दाखवला. आता आईंनी जावं, पाणी फार छान आहे, असं मोडक्या इंग्रजीत म्हणाला. त्यांच्याकडे म्हणे आधी बाहेर बसून साबणानं अंग स्वच्छ करतात, मगच गरम पाण्याच्या टाकीत उतरतात. त्याच पाण्यात पाळीपाळीनं सगळं घर बसतं. पहिला मान पाहुण्याचा. उन्हानं तापलेला भरला हौद आम्ही त्याच्यासाठीच ठेवला, असं समजून त्याचे डोळे भरून आले होते.

मी हसून मान हलवली. खरं सांगितलं आणि तो शरमेनं निघून गेला, तर यंत्र तिथंच गंजणार होतं.

तो ओसरीवर गेल्यावर आत्याबाईंनी विचारलं, "तुज्या यादीत हौद न्हवता व्हय गं?"

"नव्हता."

"मग आता लिव. सगळ्यात वर लिव." आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्याला कळू द्यायचं न्हाई. पानी काढणारा बी त्योच हाय."

हौदाचं पाणी जनावरांना आणि भांड्यांना लावलं. पिण्याचं मी आणि शेजारणी तीन मैलांवरच्या विहिरीवरून आणू लागलो.

"आत्याबाई, आवं जपानी पानी म्हशीला मानवंल न्हवं?" हंडा घेऊन निघताना एकीनं विचारलं. पहिल्या दिवशी सगळ्या हसल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या नुसत्या विहिरीत वाकून बघत होत्या. विहिरीला तळ दिसत होता. एक हंडा भरायला तास लागे.

तिसऱ्या सकाळी यंत्राकडे जाताना त्यानं मला रस्त्यात पाहिलं. डोक्यावरच्या हंड्याकडे पाहिलं, मग आमच्या घराकडे. संध्याकाळी तेलाधुळीनं माखलेला आला आणि ओसरीवर गुडघे टेकून त्यानं आत्याबाईंपुढे जमिनीला कपाळ लावलं.

"उठीव गं त्याला! पावन्यानं पाया पडू न्हाई!" आत्याबाई ओरडल्या.

त्यानं आंघोळ केली नाही. चौथ्या दिवशी यंत्र सुरू झालं. दुपारपर्यंत दोन जागी खोल गेलं. दोन्हीकडून कोरडी राखाडी भुकटीच उडत राहिली. प्रत्येक वेळी तो मूठभर भुकटी उचलून चोळायचा, ओल आहे का पाहायचा. अख्खा गाव त्याच्या तळहाताकडे बघत होता.

त्याला न्यायला घरी जीप आली तेव्हा तो भुकटीनं भुवयांपर्यंत राखाडी झाला होता. आत्याबाईंनी ओसरीवरच्या हंड्यातून तांब्या भरून तोंड धुवायला पुढे केला. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला, दोन बोटं बुडवून डोळ्यांना लावली आणि उरलेलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत हंड्यात परत ओतलं.

"आंघोळ करून जा म्हणावं त्याला," आत्याबाई म्हणाल्या. "हौद तसा बी गेलाच हाय."

मी ते त्याला इंग्रजीत सांगितलं नाही. हौदातलं पाणी जनावरांना पुरवायचं होतं आणि टँकर यायला अजून चार दिवस होते.