दाजींनी माती चाखली

आमच्या दाजींना जमिनीतलं काहीही कळत नव्हतं. पण ते जावई होते. वाटूरला आमच्या घरी तेवढं शिक्षण पुरेसं होतं.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. थोरल्या बहिणीचं नुकतंच लग्न झालेलं. दाजी कोकणात कुठल्याशा कचेरीत कारकून. दिवाळसणाला आले, जेवले आणि हात धुवायला परसात गेले. तिथं आईची वांगी होती. आई चातुर्मासापासून वांगं सोडायची, ते थेट चंपाषष्ठीपर्यंत. त्या दिवशी घरच्या वांग्याचं भरीत खंडोबाला दाखवायचं आणि मगच खायचं, हा तिचा नेम. झाडं फुलावर आली होती. आई त्यांच्याकडे इतक्या मायेनं बघायची! (आमच्याकडे कधी बघितलं नाही.)

दाजींनी वाफ्यातली चिमूटभर माती उचलली आणि सरळ जिभेवर ठेवली!

"आंबट आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "जमिनीत आम्ल वाढलंय. आमच्या कोकणात अशा जमिनीला चुना घालतात."

(आत्ताच वाट्यांवर वाट्या कढी रिचवून उठले होते. त्या जिभेला पायरीचा दगडही आंबट लागला असता!)

आमची काळी जमीन. हातभर खणलं की चुनखडीचे खडे निघतात. तिला वर चुना घालायचा! अण्णा, म्हणजे आमचे वडील, एरवी सरपंचालाही तोंडावर गाढव म्हणायचे. पण जावयापुढे त्यांची मान आपोआप डोलायची.

"बिलकुल बराबर, पाव्हणं!"

आईनं मला कोपऱ्यात ओढलं. "आरं, माझी वांगी मारून राह्यले हे! बोल की काहीतरी!"

"तूच सांग न्हाई म्हणून."

"जावयाला? दिवाळसणाला? लोक काय म्हनतील!"

लोकांनी काही म्हणू नये म्हणून वांग्यांनी मरायचं ठरलं. घराला सफेदी दिल्यावर चुना उरलाच होता. दाजी बाजेवरून हुकूम सोडत होते, "आणखी घाला, कंजुषी नको!" आणि घमेलं माझ्या डोक्यावर होतं. शेजारच्या गयाबाईनं कुंपणावरून विचारलं, "भिंती झाल्या, मंग आता झाडाला सफेदी देऊन राह्यले का?"

दाजी गेले. पानं पिवळी पडली, फुलं गळाली, वाफ्यात नुसते खराटे उरले. आई तिथं बसून खरोखर रडली. मला असा संताप आला! ठरवलं, दाजींना हाताला धरून परसात न्यायचं आणि चारचौघांत विचारायचं, "हे तुमचं ज्ञान का?" आरशासमोर उभं राहून सगळं भाषण पाठ केलं.

चंपाषष्ठीला दाजी हजर. (जेवणाचं आमंत्रण असलं की कोकण कधी लांब पडायचं नाही.) आईनं बाजारची वांगी भाजली होती आणि नैवेद्य दाखवताना देवाची माफी मागितली होती. दाजींनी भरिताचा मोठा घास घेतला आणि डोळे मिटले.

"बघा! चुन्यानं काय चव आलीय!"

अण्णा ताटात बघू लागले. आईनं डोळे पुसून माझ्याकडे बघितलं. मी ताडकन उठलो, छाती पुढे काढली.

"दाजी," मी म्हणालो, "मेथीच्या वाफ्यालाबी घालू का थोडा?"