बारा पाइपांची बोरिंग

"गॅस किती दिवस पुरंल वो?" अंगणात झिंगे निवडता निवडता ताराबाईच्या नवऱ्यानं, इस्तारीनं विचारलं.

ताराबाईनं टाकी एका हातानं बोटभर उचलली आणि खाली ठेवली. "चार दिवस. तुम्ही असेच पाच पाच वेळा चहा प्याल, तं तीन."

"अन् वजनकाट्यानं दुसरं सांगितलं तं?"

"तं काटा बिघडला समजा."

तेवढ्यात दारावर धपाधपा थापा पडल्या. दारात शाळेत खिचडी शिजवणारी दीपिका होती, हातात रिकामी बादली.

"काकी, चाला लवकर! बोरिंग दुरुस्तीची गाडी आली. तळातलं पाणी ओढणारं सिलिंडर गेलं म्हणतात. बाराच्या बारा पाइप काढून राह्यले!"

टोलीत, एवढ्या वस्तीत, हातपंपाची बोरिंग एकच, शाळेसमोरची. तिचे पाइप जुने, गंजलेले. शेजारच्या गावी गेल्या उन्हाळ्यात असेच सगळे ओढले, तर खालचे निम्मे तुटून भोकातच पडले. तिथल्या बाया अजून नाल्यावरून पाणी आणतात.

"भात उतरवा, करपवू नका," म्हणत तिनं पान्या-पकडींची पिशवी खांद्याला लावली आणि निघालीच.

सतरा वर्षांपूर्वी बायांना बोरिंग दुरुस्तीचं शिक्षण मिळालं, तेव्हा सातवी शिकलेल्या ताराबाईला परीक्षेत एकही उत्तर देता आलं नव्हतं. रॉड सुटल्याची खूण काय, असं सरांनी विचारलं आणि तिचं डोकं कोरं झालं. "हँडल द्या, मंग सांगतो," ती म्हणाली. सर हसले, पण त्यांनी हँडल दिलं. तिनं तीन बोरिंगचे तीन बिघाड उभ्या उभ्या सांगितले. लग्न होऊन आल्यापासून रोज वीस बादल्या ओढलेल्या, लेक रोशनी पोटात असतानासुद्धा. सुट्या भागांची नावं तिला नंतर कळली. त्यांची ओळख हातांना आधीच झालेली होती.

शाळेपाशी पोचली तर हँडल काढून मातीत टाकलेलं. गाडीबरोबर आलेला भूपेश नोकरीत नवा, शर्ट अजून इस्त्रीचा. बोलायला मात्र नम्र.

"हँडल लावा परत," ताराबाई म्हणाली.

"बाई, पाणी येत नाही हे दिसतंय ना? लावून काय करायचं?"

"तुमाले दिसते, भाऊ. मले दिसत नाई, म्हणून तं लावा म्हणतो."

रांगेतल्या बाया फिदीफिदी हसल्या. भूपेशही हसला. "दहा मिनिटं. मग मी माझं काम करणार."

हँडल लागलं. ताराबाईनं एक पाय मागे रोवला आणि मारायला लागली. नळाकडे बघितलंच नाही, समोरच्या कडुलिंबाकडे बघत राहिली. हँडल आपोआप खाली पडत होतं आणि उचलताना दंडाला ओढ बसत होती. सहा, सात, आठ.

"सिलिंडर ठीक आहे. वरतीच रॉड सुटला. दुसऱ्या पाइपात."

"कशावरून?"

ताराबाईनं भूपेशचा हात धरून हँडलवर ठेवला. "डोळे मिटा. उचला वरती. जड लागते ना?"

"हो."

"हँडलच्या त्या टोकाच्या साखळीले पाइपांतले बारा रॉड लटकून राहतात. ते तिकडं खाली ओढतात, म्हणून इकडचं हँडल अलगद वर येते. आता तिकडं ओढाले एक-दोनच राह्यले. तळाशी बिघाड असता तं एवढं जड लागलं नसतं."

भूपेशनं आणखी चारदा उचललं. त्याच्या भुवया वर गेल्या. "अरे, खरंच की! पण दुसऱ्याच पाइपात कशावरून?"

"पहिल्यात सुटला असता तं आणखी जड लागलं असतं. याच्यापुढं मले बी सांगता येत नाई."

गाडीवरच्या माणसांनी पाइप धरणारा शिकंजा लावून दोन पाइप काढले. दुसऱ्यात रॉड शाबूत! "अजून एक," ताराबाई म्हणाली. भूपेशनं मान डोलावली, तिसरा निघाला, आणि जोडाचे आटे झिजून सुटलेला रॉड दिसला.

"एका पाइपानं चुकली ना वो काकी!" दीपिकानं चिडवलं.

"खांदा दुखून राह्यला हप्त्यापासून. तेवढा फरक पडंलच."

नवा रॉड बसला, तिन्ही पाइप परत गेले, खालच्या नऊंना कोणी हात लावला नाही. अकरा वाजायच्या आत पाणी आलं, आधी तांबूस, मग स्वच्छ. दीपिकाची बादली पहिली लागली.

भूपेशनं वही काढली. "ताराबाई, तुमचं काही मागणं असेल तर सांगा. साहेबांना देतो."

"नवी पेटी माग पान्यांची!" मागून कोणीतरी ओरडलं. "गाडीच माग!" दुसरी म्हणाली.

ताराबाईनं पदराला हात पुसले.

"दुसरं काई नको, भाऊ. पुढच्या वेळी बोरिंग खोलायच्या आधी मले बोलवा, अन् दहा वेळा हँडल मारू द्या."