डाव्या चाकाची पिन

आमच्या धंद्यात गाडीतून आवाज आला की त्याला कारण असतंच. बुश गेलेला असतो, नाहीतर बेअरिंग. आयुष्यभर कारणं शोधूनच पोट भरलं, त्यामुळे अंगात येणं, चकवा लागणं असलं कुणी सांगायला लागला की मी सरळ उठून जायचो. आज मीच या मासिकात तसलंच लिहायला बसलोय... हसायचं तर हसा.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. सणसवाडीत नगर रोडला लागून शमुवेलमामांचं गॅरेज होतं. मामा शिरूरच्या मिशन कंपाउंडमधले. रविवारचं चर्च चुकवायचे नाहीत, तंबाखूला कधी शिवले नाहीत, तरी खिशात चुन्याची डबी कायम. त्यांचा नियमच होता – नट पूर्ण आवळला, पिन बसली, की त्यावर अंगठ्यानं चुन्याचा ठिपका द्यायचा. ठिपका दिसला की ते काम परत कुणी तपासायचं नाही. दिलेल्या शब्दासारखं होतं ते.

मी तेव्हा अठ्ठावीसचा, मामांकडे सहा वर्षं झालेली. त्या दिवशी वडगाव रासाईच्या बाळूआप्पांची फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप आली. आप्पांच्या वडिलांपर्यंत मेंढरं, आता ऊस. नदीकाठच्या चिखलात साधी गाडी रुतायची म्हणून त्यांनी ही घेतलेली. पुढून खडखडत होती. दोन्ही बाजूंचे खालचे कंट्रोल आर्म, म्हणजे चाकाला गाडीशी धरून ठेवणारे दांडे, काढून त्यांत नवे रबरी बुश टाकायचे होते. मामांनी हे काम पहिल्यांदाच माझ्या एकट्याच्या हवाली केलं, आणि मी छाती फुगवून म्हणालो, "बारापर्यंत गाडी देतो."

कसले बारा... डाव्या आर्मचा एक बोल्ट असा गंजून धरलेला की त्यानं माझा घाम काढला. शेवटी आर्म निघाले, बुश बदलले, परत चढवले, उजवी बाजू ठिपक्यासकट पुरी केली, आणि डावं चाक आर्मला जिथं जोडलेलं असतं त्या बॉल जॉइंटचा नट आवळला. त्या नटाला खाचा असतात. त्यातून आरपार स्प्लिट पिन घालून तिचे पाय वाकवायचे, म्हणजे नट फिरून सुटत नाही. सुटला तर चाक आडवं पडतं, आणि मग गाडी नेईल तिकडे जायचं. जुनी पिन काढतानाच तुटली होती. डब्यात त्या मापाची एकही नव्हती, आणि नेमकी त्या दिवशी स्पेअरची दुकानं बंद.

बाहेर आप्पा मामांबरोबर चहा पीत होते. सोबत सून आणि तिचं सात महिन्यांचं बाळ. तिला भांडगावला माहेरी सोडायचं होतं. मामांनी हाक मारली, "झालं का रं?"

"पिन नाही" एवढं म्हणायला काय लागतं? पण दीड वाजून गेला होता, आणि बाराचा शब्द मीच दिला होता. मी माझ्या डबीतल्या चुन्यात अंगठा बुडवला, नटावर ठिपका दिला.

"झालं, मामा."

मामांनी बॅटरी मारून ठिपके बघितले आणि आप्पांना चावी दिली.

गाडी गेल्यावर मी कितीतरी वेळ हातच धूत बसलो. मग डोळ्यांपुढे पारगावचा पूल आला, खालची भीमा, आणि सुनेच्या मांडीवरचं ते पोर. "जरा जाऊन येतो" म्हणून मोटरसायकल काढली. तळेगाव, न्हावरा, पूल... प्रत्येक वळणावर गर्दी जमलीय का बघत होतो. देव न मानणाऱ्या मी त्या रस्त्यावर म्हसोबापासून मामांच्या येशूपर्यंत एकालाही सोडलं नाही.

भांडगावात व्याह्यांच्या अंगणात पिकअप उभी होती. आप्पा बाजेवर टेकलेले.

"तू रं हितं कसा?"

"आवाज येतोय का बघायला आलो, आप्पा."

गाडीखाली शिरलो. नटावर माझा ठिपका होता, अंगठ्याच्या रेषांसकट, जराही न पुसलेला. आणि त्याच नटात आरपार कोरी पिन. पाय नीट वाकवलेले. हात लावून बघितलं, बोटाला टोचली.

"आप्पा, वाटेत कुठं थांबला होता?"

"न्हाई बा. पोरगं झोपलं व्हतं, म्हनलं थांबलो की उठंल. सरळ हितंच."

"गाडीखाली कुणी गेलं होतं?"

"कोन जातंय? काय झालं म्हंजी?"

"काही नाही. ओके आहे गाडी."

खरं बोलायची संधी होती. सोडली.

पुढे आप्पांनी हे मामांना सांगितलं, आणि मामा येईल त्याला सांगत सुटले, "गिऱ्हाइकाच्या मागं भांडगावपतुर जानारा मेकॅनिक हाय माझा." गुडघ्यांनी दगा दिल्यावर त्यांनी गॅरेज माझ्या हाती दिलं, योहानच्या नाही. योहान त्यांचा सख्खा जावई, आमच्याच गॅरेजात होता. खरं सांगायचं तर त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला.

मी डोकं खूप चालवलं. मीच घालून विसरलो म्हणावं तर डब्यात पिनच नव्हती. मामा आप्पांजवळून हलले नव्हते. योहान त्या दिवशी नगरला लग्नाला गेलेला. ठिपका न पुसता तिथं पिन वाकवता येत नाही; मी नंतर शंभरदा करून बघितलंय.

मामा अंथरुणाला खिळले तेव्हा सगळं सांगायचं ठरवून शिरूरला गेलो. "मामा, बाळूआप्पांची ती पिकअप..." एवढंच बोललो. त्यांनी माझा हात धरला आणि उशाशी बसलेल्या योहानला म्हणाले, "बघ, अजून गिऱ्हाइकाची काळजी हाय ह्याला." योहान मान खाली घालून हसला. पुढचं न सांगताच मी परत आलो. चार दिवसांनी मामा गेले.

पिन कुणी घातली, मला आजही माहीत नाही. ज्यानं घातली त्यानं तीन जीव वाचवले, पण माझं खोटंही त्यानंच झाकलं, आणि त्या झाकलेल्या खोट्यावर मी मालक झालो. योहान आता दुसऱ्याच्या गॅरेजात पगारावर आहे. रस्त्यात भेटला की "काय मालक, बरं हाय ना?" म्हणत आधी तोच हात पुढे करतो.

हे मासिक त्याच्याही घरी येतं. म्हणूनच इथं लिहिलं.