इतर नावे : निरंक

पॅरिसचा चार दिवसांचा बेत मी एका दोनशे पानी वहीत आखला होता. मी कृषी खात्यातला निवृत्त कारकून, त्यामुळे रकाने आखल्याशिवाय मला काही सुचत नाही. डावीकडे वेळ, मधे ठिकाण, उजवीकडे शेरा. पहिला दिवस मनोरा, दुसरा संग्रहालय, तिसरा राजवाडा. वही बायकोपुढे ठेवली. तिनं सगळी पानं उलटली आणि विचारलं, "नदी कोठे लिखेल शे?"

नदी चौथ्या दिवशी होती, दुपारी तीन ते पाच.

"नदीले दोनच तास? मन्हं तर तेच काम शे तठे."

ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. पॅरिसच्या मधून नदी वाहते आणि लोक संध्याकाळी तिच्या काठावर नुसते बसून राहतात, हे तिनं कुठंतरी वाचलं होतं. सारंगखेड्याच्या पुलावर एसटी आली की ती खिडकीतून तापी बघायची आणि दर खेपेला म्हणायची, "आपली तापीपेक्षा मोठी ऱ्हाई का ती?" मी म्हणायचो, जाऊन बघू. आधी मुलीचं शिक्षण झालं, मग घराचा वरचा मजला, मग माझी निवृत्ती. वीस वर्षं मी तिची अशीच बोळवण केली.

मग ती विसरायला लागली. आधी गॅस, मग शेजारणींची नावं, मग घरी यायचा रस्ता. नाशिकच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "जे दाखवायचं ते याच वर्षी दाखवा. पुढच्या वर्षी नवीन जागेची तिला भीती वाटेल." त्या दिवसापासून मी हात धुऊन पॅरिसच्या मागे लागलो. पुण्याहून मुलीनं नदीजवळचं हॉटेल शोधलं. राहिले होते फक्त आमचे पासपोर्ट.

अर्ज भरायचं काम माझ्याकडेच. जन्मभर लोकांचे अर्ज मीच भरले, मला कोण शिकवणार. सेवा केंद्रात जाण्याआधी मी वहीत कच्चा अर्ज लिहून काढला. त्यात एक रकाना होता : याआधी आपण इतर कोणत्या नावाने ओळखले जात होता का?

होती ना. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून अंगठीनं मी तिचं नवीन नाव लिहिलं होतं. नाव मीच निवडलं होतं, जरा शहरी, ऐकायला गोड. तिला विचारायचं असतं हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. तिचं माहेरचं नाव तिच्या आजीचं होतं. तिची आई होती तोवर त्या नावानं हाक तरी मारली जायची. आई गेली आणि ते नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर राहिलं. मी तर तिला कुठल्याच नावानं हाक मारली नाही. आमच्याकडे नवरा "आयकी ऱ्हायनी का" एवढ्यावर संसार काढतो.

जुनं नाव लिहिलं की दाखला आला, प्रतिज्ञापत्र आलं, महिना-दीड महिना गेला. तेवढा वेळ आमच्याकडे नव्हता. कारकुनाला अशा वेळी एक शब्द पाठ असतो. मी लिहिलं, निरंक.

पंधरा दिवसांनी चौकशीला पोलीस आला. तरुण, आपल्याकडचाच. ती ओट्यावर गहू निवडत बसली होती. त्यानं कागद बघून अर्जातलं नाव वाचलं आणि विचारलं, "या नावनी बाई आठेच ऱ्हास का?"

"नई भाऊ," ती म्हणाली. "या नावनी आठे कोनी नई. दुसरं घर देखा."

मी आतून धावत आलो. मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नसेल. त्यानं पुन्हा विचारलं, "मंग तुमनं नाव काय, मावशी?" तिनं सांगितलं. माहेरचं. आडनावही माहेरचंच.

माझं डोकं फिरलं. परक्या माणसासमोर मी तिच्यावर ओरडलो, "सोतानं नाव तुले म्हाईत नई का?"

"मन्हं नाव ते मी सांगं," ती म्हणाली, आणि सूप पुढे ओढून परत गहू निवडू लागली.

पोलीस ओशाळला. "काका, हाई नाव ते अर्जवर नई शे," म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं. नावात तफावत असा शेरा पडला आणि अर्ज परत आला. पुन्हा भरता आला असता. पण तोवर बाजारात नेलं तरी ती माझा हात घट्ट धरून घरी चला म्हणायला लागली होती. मुलीनं हॉटेल रद्द केलं. फोनवर ती रडली. मी रडलो नाही, मला स्वतःचा फार राग आला होता.

एका सकाळी ती ओट्यावर बसली असताना मी अंगणात उभा राहून तिला तिच्या माहेरच्या नावानं हाक मारली. जन्मात पहिल्यांदा. ती झटकन वळली. चेहरा उजळला होता. असं तिनं माझ्याकडे कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"तुम्ही कोना घरना शेतस?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, "पाव्हना शे."

"बठा मंग. माय वावरमा जायेल शे. ई आते."

मी तिच्याशेजारी टेकलो. जे मनात होतं तेच विचारलं. पॅरिसले येशी का मन्हासंगे? तठे मोठी नदी शे.

तिनं थोडा विचार केला. परक्या माणसाला नाही म्हणायचं तिच्या जिवावर आलं असावं.

"मायले इचारनं पडी," ती म्हणाली, आणि पाव्हण्यासाठी पाणी आणायला आत गेली.