जिजाजींचं स्पॅनिश वाक्य

लग्नात साळीनं जिजाजींचे जोडे लपवायचे असतात. आमच्या जिजाजींनी ते स्वतःच काढून माझ्या हातात दिले. "छोटी, जरा सांभाळ गं, लग्नात चोऱ्या होतात म्हणे." मांडवभर हशा! तेव्हापासून त्यांना बनवणं हा माझा हक्कच झाला, आणि मी तो दहा वर्षं मन लावून बजावला.

मी घरी बसून इंग्रजीचं स्पॅनिश करते. त्या आठवड्यात एका मोबाइल गेमचे संवाद आले होते. त्यात एक गुंड दुसऱ्याला 'सकर' म्हणतो. म्हणजे कोणीही यावं अन् टोपी घालून जावं, असा माणूस. शब्दकोशातले स्पॅनिश शब्द फारच सोज्वळ, मला रस्त्यावरचा हवा होता. शेवटी 'पार्दीयो' सापडला. जिजाजींचा चेहरा डोळ्यांपुढे आणून पाहिला. फिट्ट बसला.

त्याच रविवारी ते खमरियाहून स्कूटरवर आले. तिथल्या कारखान्याच्या कँटीनमध्ये ते ठेकेदाराकडे स्वयंपाकी, आणि ठेका महिनाभरात संपणार होता. स्पेनमधल्या एका हॉटेलच्या किचनसाठी त्यांचा व्हिडिओवर इंटरव्ह्यू होता.

"एक वाक्य शिकव नं छोटी. मॅडमवर छाप पडली पाहिजे. हे हुकलं तर मग काही नाही माझ्याकडे."

मला वाटलं, कसला स्पेन अन् कसलं हॉटेल! कोणी एजंट ह्यांना गंडवून राहिला. नाहीतरी फसणारच आहेत, तर मीच काहून मागे राहू? कागदावर देवनागरीत लिहून दिलं, 'सोय उन पार्दीयो.' अर्थ सांगितला, मी अनुभवी आचारी आहे. खरा अर्थ, मी भोळसट आहे, मला कोणीही बनवावं. त्यांनी तो कागद डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला. ताई फोनवर म्हणाली, आंघोळ करतानाही घोकून राहिले गं. मी पोट धरून हसले. लाज? छे, नावालाही नाही.

इंटरव्ह्यू खरा निघाला.

गुरुवारी ते खव्याची जिलबी घेऊन आले. तू एवढी मेहनत घेतलीस, रिकाम्या हातानं कसा येऊ, म्हणाले. मग सांगायला बसले. वाक्य ऐकून ती स्पेनची मॅडम थांबली. दुभाष्याकडून हिंदीत म्हणाली, तुम्हाला हे कोणीतरी थट्टेनं शिकवलंय, सोडून द्या, तुमच्या भाषेत सांगा. बिचारी भली बाई होती.

"मग?" मी विचारलं.

"मग काय! मी ऐकून घेतो होय? म्हटलं, मॅडम, माझ्या साळीनं शिकवलंय, ती हेच काम करते, तुमचंच काही चुकत असेल. तिनं दोनदा समजावलं, मी तीनदा तेच ठणकावून म्हटलं. तुला कोणी खोटं पाडेल अन् मी गप्प बसू?"

स्वयंपाकाचं काही विचारायच्या आधीच तिनं आभार मानून फोन बंद केला. सांगितलेलं ऐकत नाही असा माणूस आम्हाला चालायचा नाही, असं दुभाष्यानं मागाहून कळवलं.

"नोकरी गेली ती गेली. पण मी बरोबर केलं नं, छोटी?"

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. चार भाषा येतात मला.

"बरोबर केलंत जिजाजी," मी म्हटलं. "त्या बाईलाच येत नसेल."

त्यांचा चेहरा केवढा उजळला! "चलो, जीव हलका झाला," ते म्हणाले. "तुझी ताई उगीच तुझ्यावर शक घेऊन राहिली होती. चांगलं झापलं मी तिला."